लुटणे : एका क्रियापदाची कुळकथा

मकरसंक्रांतीला जुने जयपूर रस्त्यावर कमी आणि गच्च्यांवर जास्त असते. चांदपोलपासून सूरजपोलपर्यंत, तटबंदीच्या आतल्या त्या गुलाबी वस्तीत, सकाळी ऊन वर यायच्या आधीच चरख्या फिरू लागतात. किशनपोल बाजारातून आणि हांडीपुऱ्यातून आठ-आठ दिवस आधी आणलेले पतंग, तिळाचे लाडू, फीणी आणि दालपकोडे असा सगळा सरंजाम गच्चीवर मांडलेला असतो. पेच लागतात, ढील दिली जाते, आणि एखादा पतंग कापला गेला की ‘वो काटा’चा गजर एका गच्चीवरून दुसरीवर जातो. पण तो गजर ऐकून खरी धावपळ सुरू होते ती खालच्या गल्लीत. तिथे मुले लांब बांबू घेऊन उभी असतात. बांबूच्या टोकाला काटेरी झुडपाची फांदी सुतळीने घट्ट बांधलेली असते. हेलकावे खात येणाऱ्या पतंगाचा मांजा त्या काट्यांत अडकवायचा आणि मनगटाच्या एका झटक्याने बांबू गोल फिरवून तो गुंडाळून घ्यायचा, हे कसब आहे. नजर वर आणि पाय रस्त्यावर असे धावताना ठेचा लागतात, सायकली आडव्या येतात, तरी पकड सुटत नाही.

या खेळाला जयपुरात ‘पतंग लूटना’ म्हणतात. नियम साधा आहे. कापलेला पतंग कुणाचाच नसतो; ज्याच्या हाती दोर आधी लागेल त्याचा. दोघांच्या हाती एकदम आला तर बहुधा फाटतो. ज्याचा पतंग गेला तो मागायला येत नाही आणि लुटणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकात जयपूरच्या गादीवर असलेल्या सवाई रामसिंहांना पतंगांचा मोठा शौक होता, आणि तो शौक शहराने असा अंगी मुरवून घेतला की संक्रांत म्हणजे पतंग आणि पतंग म्हणजे लूट, हे समीकरण तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

हेच क्रियापद आज इंग्रजीत आहे. दंगलीत दुकाने फोडली की इंग्रजी वर्तमानपत्र ‘लूट’ लिहिते, एखाद्या संग्रहालयातल्या वस्तूवर वाद झाला की ‘लूटेड’ लिहिते. गावठी शब्द सहज इंग्रजीत गेला असे त्याच्याबद्दल म्हणून भागत नाही. त्याला नेणारी माणसे, त्या मोहिमा आणि ते खटले ठाऊक आहेत. आणि त्याच्या कहाणीत आपणा मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, म्हणून ती आपण नीट जाणून घ्यायला हवी.

मुळाकडे गेलो तर दोन वाटा दिसतात. संस्कृतात ‘लुप्’ हा धातू आहे : तोडणे, हिरावणे, नाहीसे करणे. ‘लोप’, ‘लुप्त’ हे आपल्या रोजच्या वापरातले शब्द त्याचेच. त्यावरून ‘लोप्त्र’ म्हणजे चोरीचा माल. दुसरा धातू ‘लुण्ठ’ किंवा ‘लुण्ट’. धातुपाठात त्याचा अर्थ ‘स्तेय’, म्हणजे चोरी, असा दिलेला आहे, आणि ‘लुण्टाक’ म्हणजे लुटारू. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा कोश काढला, तेव्हा त्यांनी ‘लूट’ची नाळ ‘लोप्त्र’शी जोडली. १९०३ च्या सुधारित आवृत्तीत विल्यम क्रुक यांनी चौकटी कंसात दुरुस्ती सुचवली की ‘लुण्ट’ हे मूळ अधिक बरोबर. कानाला क्रुक पटतात. मात्र पहिली वाट खरी धरली तर एक वेगळेच नाते समोर येते. भाषाशास्त्रज्ञ ‘लुप्’ला ज्या आदिम धातूशी जोडतात, त्याच धातूपासून इंग्रजीतले ‘रॉब’ हे क्रियापदही आले, असे मानतात. म्हणजे इंग्रजांच्या घरी या कुळातले एक क्रियापद आधीपासून होतेच. हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले दुसरे त्यांनी अठराव्या शतकात हिंदुस्थानातून नेले.

आता आपल्या घरात पाहू. मराठीत ‘लुटणे’ दोन्हीकडे चालते, आणि हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यातले वेगळेपण लक्षातच येत नाही. दरोडेखोर घर लुटतात. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण लुटतात. पहिल्या वाक्यात लुटणारा घेतो, दुसऱ्यात लुटणारी देते. ‘यंदा काय लुटलंस?’ असे एक शेजारीण दुसरीला विचारते तेव्हा उत्तर येते, ‘स्टीलच्या वाट्या लुटल्या.’ म्हणजे तिने त्या वाटल्या, आल्यागेल्या प्रत्येकीच्या हाती दिल्या. पुण्याच्या तुळशीबागेत जानेवारीच्या सुरुवातीला वाणाच्या वस्तू मांडल्या जातात तेव्हा बायका डझनाने घेतात, त्या लुटण्यासाठीच. लहान मुलाचे बोरन्हाण असते, त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा ओततात आणि जमलेली मुले ते लुटतात. तिथे मोठ्यांनी लुटू देणे हेच देणे असते. बक्षिसांची लयलूट होते, आनंद लुटला जातो, कीर्तनकार श्रोत्यांना हरिनामाची लूट करायला सांगतात.

दसऱ्याला तर आपण सोनेच लुटतो. त्यामागची कथा घरोघरी सांगतात. कौत्स गुरुदक्षिणेचे चौदा कोटी सुवर्ण मागायला रघुराजाकडे गेला, तेव्हा राजाने यज्ञात सर्वस्व देऊन टाकलेले होते. रघूने कुबेरावर स्वारीची तयारी केली आणि कुबेराने सोन्याचा वर्षाव केला. कौत्साने हवे तेवढे घेतले, जास्त एक नाणे घेईना. राजा उरलेले परत घेईना. मग उरलेले सोने आपट्याच्या झाडाखाली लोकांना लुटू दिले. कौत्स आणि रघू कालिदासाच्या ‘रघुवंशा’त आहेत, आपट्याचे झाड लोककथेने जोडले. या कथेत लूट होते ती दोन माणसांनी हाव नाकारल्यामुळे. जे कुणाचेच राहिले नाही ते सगळ्यांचे झाले. जयपूरच्या गल्लीतल्या कापलेल्या पतंगालाही हाच न्याय लागू आहे.

राजस्थानातही देण्याची ही बाजू जिवंत आहे. संक्रांतीला तिकडच्या सवाष्णी सासूला ‘वायना’ देतात, आणि सौभाग्याची एखादी वस्तू चौदाच्या संख्येने पुजून दान करतात. वायना आणि आपले वाण एकच. नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींच्या मंदिरात दिवाळीनंतरच्या अन्नकुटाला भाताची मोठी रास रचतात आणि रात्री भिल्ल समाजाचे लोक आत शिरून तो भात लुटून नेतात. मंदिराच्या सेवेतली ही ठरलेली रीत आहे, आणि तिचे नावही लूटच.

एवढी दोन्ही हातांची भरलेली ओंजळ इंग्रजांना दिसली असेल का? त्यांनी उचलला तो एकच अर्थ, फौजेचा. आणि अठराव्या शतकाच्या हिंदुस्थानात फौजेचा अर्थ कानावर घालणाऱ्यांत मराठी घोडदळ सर्वांत पुढे होते.

याबद्दल बोलताना आपली फार घाई होते. कुणी सगळेच झाकतो, कुणी सगळेच एका शब्दात बसवतो. मराठी दफ्तरांत फौजेच्या उत्पन्नाला एकच शब्द नाही. चौथ वेगळी, सरदेशमुखी वेगळी, खंडणी वेगळी, घासदाणा वेगळा. मुलूखगिरी म्हणजे या साऱ्यांच्या वसुलीसाठी परमुलखात काढलेली मोहीम. लूट त्याहून वेगळी, आणि तिलाही नियम होते. सभासदाने १६९७ साली जिंजीला लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या फौजेचा कायदा दिला आहे. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या सामानाची मोजदाद, परतल्यावर झडती, मिळालेला ऐवज सरकारात जमा; बायका, मुले, ब्राह्मण आणि गाय यांना हात लावायचा नाही. हा नियम पाळला जावा म्हणून तपासनीस होते, याचाच अर्थ तो मोडला जाण्याची धास्ती होती. पुढच्या शतकात फौजा वाढल्या, पगार थकले, सरदारांची कर्जे वाढली, आणि हे वेगवेगळे शब्द जमिनीवर एकमेकांत मिसळले. ज्याच्या दारात घोडेस्वार उभा राहिला त्याला ही चौथ की हा घासदाणा, यात काय फरक दिसणार? बंगालमध्ये १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या झाल्या. तिथल्या आया मुलांना निजवताना अजून ‘बर्गी’, म्हणजे मराठा स्वार, आल्याचे गातात. कलकत्त्याच्या इंग्रजांनी १७४२ साली वस्तीभोवती खणलेल्या खंदकाचे नावच मराठा खंदक.

जयपूरचे दुःख अधिक जवळचे, कारण तिथे ओळख होती. सवाई जयसिंहांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी या शहराचा पाया घातला, त्याच्या आधीपासून त्यांच्या पदरी मराठी विद्वान होते. त्यांचे गुरू रत्नाकरभट्ट पौंडरीक महाराष्ट्रीय. ब्रह्मपुरीत त्यांच्या नावाची हवेली आहे. युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ म्हणून आणणारे जगन्नाथ सम्राटही महाराष्ट्रीय. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेला निघाल्या तेव्हा उदयपूर, नाथद्वारा करून त्या जयपुरात आल्या, आणि जयसिंहांनी त्यांचा पाहुणचार असा केला की पुण्याला त्याचे अप्रूप वाटले. पुढच्याच वर्षी किशनगडजवळ भंभोलाव इथे बाजीराव आणि जयसिंह भेटले. त्या शहराला मराठी माणूस परका नव्हता.

१७४३ साली जयसिंह वारले आणि दोन मुलांत गादीचा वाद लागला. थोरले ईश्वरीसिंह गादीवर बसले. धाकटे माधोसिंह मेवाडच्या राजकन्येचे, आणि तिच्या मुलालाच गादी मिळेल असा १७०८ चा करार होता. या भांडणात मराठी सरदार दोन्ही बाजूंना होते. होळकरांचे वजन माधोसिंहांकडे, शिंद्यांचा कल ईश्वरीसिंहांकडे, आणि दोघांच्याही मनात नजराण्याचा आकडा. मार्च १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंह जिंकले. त्या विजयाची सात मजली ईसरलाट त्यांनी त्रिपोलिया बाजारालगत उभारली. ऑगस्ट १७४८ मध्ये बगरूला मल्हारराव होळकरांनी त्यांना वाकवले, परगणे आणि पैसा कबूल करून घेतला. पैसा कबूल करणे सोपे होते, देणे शक्य नव्हते. शहर बांधण्यात, यज्ञांत आणि लढायांत खजिना आटलेला होता. ईश्वरीसिंहांनी आपल्या कर्त्या दिवाणाला, केशवदास खत्रींना, संशयावरून विष दिले, आणि राजाच्या पाठीशी बोलणी करणारे शहाणे माणूस उरले नाही.

डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव थकलेल्या वसुलीसाठी जयपूरकडे चालून आले. ईश्वरीसिंहांनी थोडी रक्कम पुढे केली; ती परतवली गेली. फौज शहरापासून काही मजलांवर असताना एका रात्री त्यांनी सेवकाकडून औषधाच्या निमित्ताने नाग आणि सोमल मागवला. विष घेतले, नागाचा दंशही करून घेतला. राण्यांनीही विष घेतले. मल्हाररावांना कळेपर्यंत राजा गेलेला होता. जयपूरच्या राजांच्या छत्र्या गैटोरला आहेत, पण ईश्वरीसिंहांची तिथे नाही. ती राजवाड्यामागे जयनिवास बागेत, तालकटोऱ्याजवळ एकटी आहे.

माधोसिंह गादीवर आले ते मराठ्यांच्या बळावर, आणि बसल्याबरोबर त्यांना त्याच बळाची किंमत सांगण्यात आली. जयाप्पा शिंदे येऊन मिळाले, मागणी वाढत गेली. १० जानेवारी १७५१ रोजी मराठी छावणीतली काही हजार माणसे शहर पाहायला, देवदर्शनाला, बाजार करायला वेशीतून आत गेली. चौकडीच्या सरळ रस्त्यांचे ते नवे शहर हिंदुस्थानात गाजत होते. दुपारी वेशी बंद झाल्या आणि शहर त्यांच्यावर तुटून पडले. कत्तल मध्यरात्रीपर्यंत चालली. जदुनाथ सरकारांनी मराठी पत्रांवरून दिलेला मृतांचा अंदाज तीन हजारांच्या घरात आहे, जखमी हजारभर. तटावरून उड्या टाकून वाचलेल्यांचे हातपाय मोडले. बाहेर गावोगावी मराठी जासूद आणि वाटसरू गाठून मारले गेले.

मेलेली बहुतेक माणसे त्या दिवशी कुणाला लुटायला गेली नव्हती. त्यांतले कित्येक बाजारात खिशातले पैसे मोजून सौदा करत होते. आणि त्यांना मारणारे लोक राक्षस नव्हते. आपल्या राजाला विषापर्यंत नेणाऱ्या वसुलीचा हिशेब ते हाती सापडलेल्या माणसांकडून चुकता करत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. राधाबाईंच्या पाहुणचारापासून या दुपारपर्यंत पंधरा वर्षे आणि काही महिने गेले होते. मला मराठ्यांच्या उत्तरेतल्या राजकारणातली ही सर्वांत मोठी नासाडी वाटते. दहा वर्षांनी, जानेवारी १७६१ मध्ये, पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने एकही मोठा राजपूत राजा उभा नव्हता, त्याची कारणे शोधताना जयपूरच्या बंद वेशी ओलांडून पुढे जाता येत नाही.

शब्दाकडे परत येऊ. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या तोंडी ‘लूट’ आणि ‘लूटीवाला’ ही रूपे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. हैदरअलीच्या स्वारांबद्दल लिहिताना इंग्रज शिपाई ‘लूटीवाला’ लिहीत. इंग्रजी छापील कोशात ‘लूट’ला पहिली जागा मिळाली १७८८ साली. लंडनचा प्रकाशक जॉन स्टॉकडेल याने त्या वर्षी ‘इंडियन व्होकॅब्युलरी’ नावाचे छोटे पुस्तक काढले. त्या वर्षी ते का निघाले, हे त्याच्या पूर्ण नावातच आहे, कारण शब्दसूचीच्या आधी त्यात महाभियोगाची कार्यपद्धती छापली होती. फेब्रुवारी १७८८ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये वॉरन हेस्टिंग्जवरचा खटला उभा राहिला होता. आरोप मांडणारे एडमंड बर्क बनारसचा राजा, अवधच्या बेगमा, नजराणे आणि जप्त्या यांबद्दल तासन्‌तास बोलत होते, आणि ऐकणाऱ्यांना हिंदुस्थानी शब्दांचे अर्थ हवे होते. म्हणजे ‘लूट’ हा शब्द इंग्रजीच्या कोशात शिरला तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात कुणी मराठा स्वार किंवा पेंढारी नव्हता. इंग्रजांचाच माजी गव्हर्नर जनरल होता. सात वर्षांनी, १७९५ साली, हेस्टिंग्ज निर्दोष सुटले.

कंपनीच्या फौजेला स्वतःच्या कृत्यांसाठी मात्र वेगळा शब्द होता : ‘प्राइझ’. जिंकलेल्या ठिकाणचा ऐवज ‘प्राइझ एजंट’ गोळा करत, लिलाव करत, आणि हुद्द्याप्रमाणे वाटा ठरे. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, रात्रभर शहर लुटले गेले, आणि त्यानंतरच्या अधिकृत वाटपात सेनापती हॅरिस यांच्या वाट्याला सव्वा लाख पौंडांहून अधिक रक्कम आली. टिपूचा लाकडी वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आपल्याकडचे उदाहरण १८१८ चे. पेशवाई बुडाली, दुसऱ्या बाजीरावांचा ऐवज ठिकठिकाणी शोधला जात होता. त्र्यंबकेश्वराच्या देवाला वाहिलेला, इंग्रजीत ‘नस्साक’ म्हणून प्रसिद्ध असलेला हिरा त्या धामधुमीत कंपनीच्या हाती गेला आणि लंडनच्या जवाहिऱ्यांकडे विकला गेला. रायगडचा पेशव्यांचा किल्लेदार नारो गोविंद औटी शरण आल्यानंतर पुण्याला येऊन राहिला होता. त्याच्या घरचे सोने आणि जडजवाहीर पुण्याचे इंग्रज अधिकारी रॉबर्टसन यांनी जप्त केले. माल पेशव्यांचा, असे कंपनीचे म्हणणे. माझा खाजगी, असे औट्याचे. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, खुद्द दख्खनचे तेव्हाचे कमिशनर एल्फिन्स्टन प्रतिवादी. मुंबईत निकाल औट्याच्या बाजूने लागला. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि १८३० साली तो निकाल फिरला. कारण असे दिले की ही जप्ती शत्रुत्वाच्या काळातली, युद्धाच्या छायेतली आहे, आणि अशा कृत्यावर दिवाणी न्यायालयाला बोलण्याचा अधिकार नाही. हा खटला पुढे कायद्याच्या पुस्तकांत दाखला म्हणून वापरला गेला. एका मराठी किल्लेदाराच्या दागिन्यांवरून इंग्रजी कायद्याने ठरवले की सरकारने युद्धात घेतलेल्या मालाचा जाब विचारता येत नाही.

पेशवाई बुडाली त्याच वर्षी, २ एप्रिल १८१८ रोजी, जयपूरने कंपनीशी तह केला. पेंढाऱ्यांपासून आणि शिंदे-होळकरांच्या फौजांपासून संरक्षण हा त्यातला मोठा लाभ, आणि जयपूरला तो खरोखर हवा होता. त्या बदल्यात वार्षिक रक्कम ठरली. पहिल्या वर्षी माफी, मग चार लाख, पाच, सहा, सात, आणि सहाव्या वर्षापासून आठ लाख रुपये. त्या रकमेचे इंग्रजी नाव ‘ट्रिब्यूट’. पुण्याच्या दफ्तरात तिला खंडणी म्हटले असते. घोडेस्वार दारात न येता ती वेळेवर वसूल होत होती, हा फरक जयपूरकरांना मोलाचा वाटला असेल. पैसा मात्र बाहेरच जात होता.

इंग्रजीत ‘लूट’चे क्रियापद झाले ते १८४० च्या दशकात. ‘हॉब्सन-जॉब्सन’ने नोंदवलेल्या उदाहरणांत १८४२ सालचे कॉलिन कॅम्पबेलचे पत्र आहे, त्याने आपण लूट घेतली नाही हे घरी कळवताना हा शब्द हिंदुस्थानी आहे असा खुलासा केला. म्हणजे तोवर लंडनच्या वाचकाला तो समजावून द्यावा लागत होता. पाचच वर्षांनी, १८४७ मध्ये, लॉर्ड माम्झबरी यांनी फ्रेंच सेनापती सूल्टच्या घरची स्पेनमधून आणलेली चित्रे पाहिली आणि रोजनिशीत ती त्याने ‘लूट’ केल्याचे क्रियापद वापरून लिहिले, कुठलाही खुलासा न करता. फ्रेंच माणूस, स्पेनची चित्रे, मुरिलोचे काम. हिंदुस्थानचा त्यात संबंध नाही. इथे शब्द इंग्रजीचा झाला. चीनचे पहिले युद्ध, क्रिमिया, मग १८५७-५८ ची दिल्ली आणि लखनौ, अशा पायऱ्यांनी तो पक्का होत गेला. मार्च १८५८ मध्ये लखनौचा कैसरबाग लुटताना ‘टाइम्स’चे बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल तिथे होते, आणि ते दृश्य त्यांनी लिहून ठेवले.

ऑक्टोबर १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा चिनी सम्राटांचा उन्हाळी महाल लुटला आणि जाळला. तिथे सापडलेली एक लहानशी पेकिनीज कुत्री कॅप्टन डन याने व्हिक्टोरिया राणीला भेट दिली. तिचे नाव ठेवले ‘लूटी’. राणीसाठी तिचे तैलचित्र काढले गेले, ती १८७२ साली मेली. ज्या शब्दात महाल लुटल्याची कबुली आहे, तो शब्द राजवाड्यात कुत्रीला हाक मारायला वापरला गेला. आणि १८६७ साली अ‍ॅडमिरल स्मिथचा खलाशांच्या बोलीचा कोश छापला गेला, त्यात ‘लूट’ हा चीनमधून घेतलेला शब्द असल्याचे लिहिले आहे. ऐंशी वर्षांत शब्दाचे मूळ गावही बदलून झाले. यूल आणि बर्नेल यांनी ते पुन्हा जागेवर आणले, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

तेव्हापासून इंग्रजीतला ‘लूट’ घेण्याच्याच अर्थावर उभा आहे. पुढे बोलीत त्याला नुसता ‘पैसा’ असाही अर्थ आला, आणि आता मोबाइलवरच्या खेळांत पडक्या घरांतून शस्त्रे गोळा करणे म्हणजे लूट. आपली मुले हा शब्द त्या खेळांतून इंग्रजी समजून परत आणतात. देण्याचा अर्थ मात्र इंग्रजीत कधीच पोचला नाही. इंग्रजीत ‘मी वाट्या लुटल्या’ असे जसेच्या तसे लिहिले तर वाचणारा पोलिसांना बोलावेल.

आज संग्रहालयांतल्या वस्तू परत मागण्याची चर्चा जगभर चालू आहे, मराठीतही चालते, आणि तिथे हा शब्द आपण सैल वापरतो. परदेशात दिसली ती प्रत्येक वस्तू लूट, हे बरोबर नाही. श्रीरंगपट्टणचा वाघ लूट आहे. नस्साक हिरा युद्धात काढून घेतलेला आहे. लाहोरचा कोहिनूर १८४९ च्या तहात एका अल्पवयीन राजाकडून लिहून घेतलेला आहे. आणि २०२४ साली साताऱ्याला उसनी आलेली वाघनखे ग्रँट डफ याला भेट म्हणून मिळाली, अशी त्यांच्या पेटीवर नोंद आहे. चारही वस्तूंची कागदपत्रे वेगळी, हक्काचा युक्तिवाद वेगळा. लूट, जप्ती, खंडणी, नजराणा, भेट हे शब्द आपल्या दफ्तरांनी तीनशे वर्षांपूर्वी वेगळे ठेवले होते. ते वेगळेच वापरावेत. आणि तोच काटेकोरपणा स्वतःबद्दलही हवा. मराठ्यांचा इतिहास सांगताना आपण सुरत सांगतो, अटक सांगतो, पानिपत सांगतो. १७५१ चे जयपूरही सांगावे, राजाचे विष आणि बाजारात मेलेली आपली माणसे, दोन्ही एकाच धड्यात.